वनांचे रक्षण आणि रयतेची संमती



पर्यावरणाच्या प्रश्नात शास्त्राची हद्द कोठे संपते आणि राज्यव्यवहाराची कोठे सुरू होते, हे प्रथम पाहून घेतले पाहिजे. कारण ही हद्द पुसट झाल्यामुळेच शास्त्राने सिद्ध केलेल्या गोष्टींवर सभागृहांतून वाद माजतो, आणि ज्या गोष्टी लोकांनी ठरवावयाच्या त्या परस्पर तज्ज्ञांच्या व अंमलदारांच्या हवाली होतात. शास्त्राचा भाग पुष्कळसा निर्णीत आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर भूपृष्ठ किती तापेल, याचे गणित अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ मध्येच मांडले होते. आणि हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून चाललेल्या मोजणीत या वायूचे प्रमाण हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ वरून ४२० च्या पुढे गेलेले आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० ते २०१५ या काळातील नोंदी तपासून असे दाखवले की, मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले आहेत, आणि या पावसाला अरबी समुद्रावरून येणारे बाष्प कारणीभूत आहे.

मुसळधार पावसात २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इरशाळवाडी ही सह्याद्रीतील गावे दरडीखाली गेली. यांतील प्रत्येक दरड हवामानबदलाच्याच खाती मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. मातीचा थर, खडकाची ठेवण, डोंगरउतारावरील खोदाई यांचाही विचार करावा लागतो. परंतु इरशाळवाडीच्या ठाकर कुटुंबांनी हवेत किती धूर सोडला होता, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. १९९२ मध्ये रिओ येथे झालेल्या परिषदेत जबाबदारी सर्वांची, पण ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे, असे तत्त्व मान्य झाले आणि श्रीमंत राष्ट्रांसमोर भारत ते आजवर आग्रहाने मांडत आला आहे. हा आग्रह सर्वथा न्याय्य आहे, आणि म्हणूनच तो आपल्या सरहद्दीच्या आतही लागू झाला पाहिजे, असे मला कळकळीने म्हणावयाचे आहे.

झाड आणि रयत यांचा एकत्र विचार करण्याची रीत या भूमीला अपरिचित नाही. मराठा राज्यनीतीवरील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या ग्रंथात आरमारासाठी लाकूड मिळवण्याचा विषय येतो, तेथे आंबा-फणसासारखी झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, आणि झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे, अशा आशयाची ताकीद आहे. आरमार ही राज्याची निकडीची गरज असतानाही संमतीची अट सुटलेली नाही, हे लक्षात घ्यावे. पुढे इंग्रजी अमलात १८७८ चा जंगल कायदा झाला, राने सरकारजमा झाली, आणि ज्यांची गुरे तेथे चरत होती ते एका रात्रीत गुन्हेगार ठरले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याविरुद्ध जो संताप आहे, तो वनरक्षणाविरुद्ध नसून न विचारता केलेल्या जप्तीविरुद्ध आहे, असे मी समजतो. वन वाचवावयाचे म्हणून माणसाला हुसकावणारी पर्यावरणनिष्ठा त्याच खात्याची वारसदार ठरेल.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयी जो अहवाल दिला, त्याचे मोल मला याच कारणास्तव मोठे वाटते. संवेदनशीलतेच्या पायऱ्या शास्त्राने सुचवाव्यात, परंतु अखेरच्या सीमा आणि निर्बंध ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरावेत, अशी तिची भूमिका होती. अहवाल लोकांपुढे यावयासच २०१२ उजाडले, आणि तोवर ‘घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही’ अशा अफवा गावोगाव पोचल्या होत्या. पुढे कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली गेली; तिने उपग्रहाच्या चित्रांवरून सुमारे साठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून निश्चित केले, आणि २०१४ पासून अधिसूचनेच्या मसुद्यांमागून मसुदे निघत आहेत.

घाटावरील माणसाला विचारले तर तो खाणीच्या आणि रोजगाराच्या बाजूनेच उभा राहील, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी गृहीत धरतात. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्यावीत, असे ठराव आपण होऊन केले, आणि गाडगीळ समितीने त्यांची नोंद अहवालात घेतली. लोहखनिजाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसांचे हे ठराव आहेत. अधिसूचना कायम करताना मंत्रालयाने ते दप्तरातून काढून वाचावेत, आणि उरलेल्या गावांपुढे संपूर्ण अहवाल मराठीत ठेवून त्यांचेही मत लेखी घ्यावे, एवढी माझी मागणी आहे.