गच्चीवरचे पाहुणे

महाराष्ट्रातून चेन्नईला येऊन राहणाऱ्या माणसाची पहिली फसगत पाऊस करतो. मृग लागला की आपल्या अंगात पूर्वापार चालत आलेली एक लगबग सुरू होते. कुंड्यांची माती उकरावी, खत घालावे, फांद्या खोचाव्यात असे हात शिवशिवू लागतात. मीही पहिल्या वर्षी तसेच केले आणि आभाळाकडे पाहत बसलो. आभाळ कोरडेच राहिले. या शहरात वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो खरा, पण त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, परतीच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर कोसळतो. पुण्याहून आणलेली माझी अडेनियमची झाडे जून-जुलैच्या उन्हात छान फुलली. दिवाळीच्या पावसात मात्र त्यांचे फुगीर बुंधे बोटाने दाबले तर आत जाऊ लागले. आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या रखरखीत मुलखातले हे झाड. उन्हाने ते मरत नाही, मुळाशी साचलेल्या पाण्याने मरते. माझ्या अंगवळणी पडलेले पंचांग या गावाला लागू नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

श्रोतेहो, दुर्मीळ आणि विचित्र झाडे बाळगण्याचा छंद हा पुष्कळदा विकत घेण्याचा छंद समजला जातो. पैसे टाकावेत, झाड आणावे, चार जणांना दाखवावे. परंतु परमुलखातले झाड घरी आणणे हे पाहुणा ठेवून घेण्यासारखे आहे. तो काय खातो, केव्हा निजतो, त्याला कशाने त्रास होतो, याची चौकशी यजमानाने आधी करावयाची असते. ही शहाणीव मला पुस्तकांतून आली नाही. आमच्या पलीकडच्या इमारतीत एक वृद्ध तमिळ गृहस्थ राहतात. सारी गल्ली त्यांना 'मामा' म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली दोनअडीचशे कुंड्या आहेत. मी एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना म्हटले, "मामा, एक निळा व्हँडा मागवतो आहे." मामांनी विचारले, "त्याच्या गावी रात्री किती गार पडते?" दिवसाच्या उन्हाविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

या प्रश्नात सगळे शास्त्र आहे. झाड दिवसा सूर्यप्रकाशात साखर कमावते आणि श्वसनात ती खर्च करते. रात्री कमाई बंद असते, खर्च मात्र चालूच राहतो. आणि रात्र जितकी उष्ण, तितका तो खर्च मोठा. चेन्नईत मे-जूनमध्ये पहाटेचे तापमानही बहुधा २७-२८ अंशांच्या खाली उतरत नाही. उटी-कोडाईकनालच्या डोंगरांवरून हौसेने आणलेली ऑर्किडे येथे वर्ष-दोन वर्षे हिरवी राहतात, आम्ही समाधान मानतो, आणि ती आतल्या आत दिवाळखोर होत असतात. निळा व्हँडा हा खासी टेकड्यांचा रहिवासी. १८५० साली जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तेथे ही फुले पाहिली आणि लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी सात हमालांची ओझी भरतील इतकी झाडे उपटून घेतली. त्यांपैकी फारच थोडी इंग्लंडात जिवंत पोहोचली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. सात ओझी! मामांच्या प्रश्नानंतर मी मागवलेले एक झाड रद्द केले, त्यात फार मोठा त्याग नव्हता. पण हूकरची ती ओझी तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीत.

याउलट, ज्या झाडांना पुण्याची थंडी मानवत नाही ती सखल उष्ण प्रदेशातली झाडे चेन्नईत माहेरी आल्यासारखी वाढतात. येथे जानेवारीतही पारा सहसा २० अंशांच्या आसपासच थांबतो. दक्षिण अमेरिकेतून आलेला कैलासपती येथे देवळांच्या आवारात बुंध्यालाच फुले धरून उभा असतो. फुलातली रचना शिवलिंगावर नागाने फणा धरल्यासारखी दिसते म्हणून तमिळ लोकांनी त्याला नागलिंगम हे नाव दिले आणि परका वृक्ष परका उरला नाही. अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात आफ्रिकेची गोरखचिंच आहे. तेथलाच तो विख्यात वटवृक्ष. १९८९ च्या वादळात त्याचा मूळ बुंधा कोसळला, तरी पारंब्यांचे रान उभे राहिले. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळाने शहरातली हजारो झाडे आडवी केली. त्यांत गुलमोहर आणि सोनमोहर ही शोभेसाठी आणलेली, ठिसूळ फांद्यांची झाडे पुष्कळ होती. त्या दिवशी मामांच्या गच्चीवरची जाळी समुद्राच्या दिशेने उडून गेली. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे खापऱ्या वेचीत होते.

पाण्याचे दुखणे तर नेहमीचेच. येथल्या कूपनलिकांच्या पाण्यात क्षार फार. पानांच्या टोकांना तपकिरी जळकट कडा येऊ लागल्या की ओळखावे. घटपर्णीसारखी कीटकभक्षी झाडे आणि ऑर्किडे हे पाणी मुळीच सहन करीत नाहीत. नारळाची सोडणे येथे मुबलक, म्हणून नवशिका ती तशीच कुंडीत भरतो. परंतु सोडणांतही मीठ असते. ती आठवडाभर पाणी बदलीत भिजवावी लागतात, आणि मग कोळसा व विटांचे तुकडे मिसळून वापरावी लागतात. तामिळनाडूत २००३ पासून प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी साठवण्या-मुरवण्याची सोय करणे सक्तीचे आहे. आम्ही छंदिष्ट मंडळी त्यातले काही पिंपांत भरून झाकून ठेवतो. २०१९ च्या जूनमध्ये शहराला पाणी पुरवणारे जलाशय आटले आणि लोक घागरी घेऊन टँकरपुढे रांगेत उभे राहिले. तेव्हा माझ्या गच्चीवर अडीच पिंपे पावसाचे पाणी होते. ते ऑर्किडांना घालताना आजूबाजूच्या खिडक्यांतून कोणी पाहत नाही ना, असे मला वाटत राहिले. शेवटी दीड पिंप खाली घरकामाला गेले आणि बारा झाडे गेली. कोणती वाचवावीत हे त्या वेळी ठरवावे लागले. जी पुन्हा कोठेही मिळाली असती ती मी जाऊ दिली.

दूरदेशीची झाडे रुजवण्याचा उद्योग या शहराला जुना आहे. १८३५ साली रॉबर्ट वाइट या डॉक्टरच्या पुढाकाराने येथे कृषि-उद्यान संस्था स्थापन झाली. तिची बाग कॅथीड्रल रस्त्यावर होती. त्या परिसरातल्या एका भागात १९६२ पासून २००८ पर्यंत लोकांनी मोटारीत बसून डोसे खाल्ले आणि २०१० साली तेथे सेम्मोळि पूंगा हे सरकारी उद्यान उघडले. वाइटच्या ग्रंथांतली चित्रे रंगैया आणि गोविंदू या दोन हिंदी चित्रकारांनी काढली. गोविंदूच्या नावाने वाइटने ऑर्किडाची एक प्रजातीही नोंदवली. चित्रकाराचे ऋण असे फेडणारे थोडेच.

पण मला अधिक आठवतो तो वाइटच्याही आधीचा जेम्स अँडरसन. मद्रासला कंपनी सरकारचा हा मुख्य वैद्य. मेक्सिकोत निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग निघे आणि त्याचा मक्ता स्पॅनिश लोकांकडे होता. तो किडा मद्रासेस वाढवावा या ध्यासाने अँडरसनने १७८६ पासून पत्रांचा वर्षाव केला आणि सैदापेठेकडे निवडुंगाची खास बाग उभी केली. १७९५ साली ब्राझीलकडून किडा आला, परंतु तो खरा किरमिजी किडा नव्हता. त्याचाच हलक्या प्रतीचा रानटी भाऊबंद निघाला. रंगाचा धंदा बुडाला. पुढे गंमत अशी झाली की, हाच किडा निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडतो हे ध्यानात आले आणि १८३६ ते १८३८ च्या दरम्यान तो मुद्दाम दक्षिणेत सोडण्यात आला. किड्याकरवी तण मारण्याचा जगातला हा पहिला यशस्वी प्रयोग मानतात. दुसऱ्या जातीचा फड्या निवडुंग मात्र शेते-कुरणे गिळीत राहिला. त्याला आवर घालायला १९२६ साली श्रीलंकेतून निराळा किडा आणावा लागला. सगळा निवडुंग अँडरसनच्याच बागेतून पसरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी जलपर्णी आणि घाणेरी ही दोन्ही माणसाने शोभेसाठीच आणली होती, हे तलावाकाठी आणि रानात हिंडताना विसरता येत नाही. माझ्या गच्चीवरची एक पाणवनस्पती भलतीच फोफावली, तेव्हा ती कोणाला देण्याऐवजी मी उन्हात वाळवून टाकली. मागणारे गृहस्थ रागावले ते रागावलेच.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगत बसलो ती. गेल्या साली एक माणूस पोत्यात घालून सायकसाचा एक खुंट घेऊन आला. तिरुपती-कडप्पाच्या डोंगरांत, म्हणजे येथून फार दूर नव्हे, बेडोमचा सायकस म्हणून एक झाड आहे. जगात इतरत्र कोठेही ते आपणहून उगवत नाही. नर वेगळा, मादी वेगळी, आणि वाढ इतकी संथ की मनगटाएवढा खुंटही पुष्कळ वर्षांचा असावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींचे प्रकरण घातले गेले, तेव्हा त्या यादीत अवघ्या सहा नोंदी होत्या. त्यांत निळा व्हँडा होता, खासी टेकड्यांची घटपर्णी होती आणि हा सायकसही होता. मुळांना लाल माती अजून ओली होती. किंमत माझ्या आवाक्यातली होती. मी घेतला नाही तर दुसरा घेईल, हे वाक्य माझ्या मनात आले. प्रत्येक संग्राहकाच्या मनात ते अशा वेळी येते. मी नाही म्हटले. तो माणूस पोते उचलून गेला, आणि ते झाड कोणाच्या तरी अंगणात सुकले असेल हेही मला ठाऊक आहे. माझ्या नकाराने डोंगरावर ते परत गेले नाही.

माझ्याकडे आज जे खरोखर दुर्मीळ आहे ते आपल्याकडचेच. शिवनेरीच्या कड्यावर, जुन्नरच्या परिसरात आणि सह्याद्रीच्या इतर मोजक्या कातळांवर शिंदळ माकुडी लोंबते. डाल्झेल या वनाधिकाऱ्याने १८६५ च्या सुमारास तिचे शास्त्रीय वर्णन केले आणि मुंबईचा गव्हर्नर फ्रिअर याचे नाव तिला दिले. तिचे सगेसोयरे बिनपानांचे असतात. ही मात्र पावसाळ्यात पाने धरते आणि उन्हाळ्यात टाकते. कड्यावर ती थोडी उरली असली तरी खोडाच्या तुकड्यापासून सहज जगते, त्यामुळे युरोप-अमेरिकेतल्या काचघरांतही ती सुखाने नांदते. पुण्याच्या एका छंदिष्टाने मला बोटभर तुकडा दिला, तोही कुंडीतच वाढलेल्या झाडाचा. तो मी मातीच्या उथळ कुंडीत खडीमध्ये लावला आणि ऑक्टोबर येताच पत्र्याच्या आडोशाखाली हलवला. तिसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, त्यावर तांबूस-किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, दोन बोटे रुंदीची चांदणी उमलली. तिच्याभोवती माश्या घोंगावू लागल्या. त्याच तिच्या परागवाहक आहेत.

मामांना बोलावले. त्यांनी चष्मा काढून फूल जवळून पाहिले, नाव विचारले, आणि मग नेहमीचा प्रश्न केला, "हिच्या गावी पाऊस केव्हा पडतो?" मी म्हटले, "जूनमध्ये." ते हसले. दुसऱ्या दिवशी मी एक तुकडा कापला, जखम सुकावी म्हणून चार दिवस सावलीत ठेवला आणि त्यांच्याकडे नेऊन दिला.