मोतीबिंदूच्या मागचा पडदा



आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की घरच्यांचे निदान ठरलेले असते : मोतीबिंदू. ते बहुतेक वेळा बरोबरही निघते. २०१५ ते २०१९ मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्क्यांचे कारण मोतीबिंदूच होते. मला बोलायचे आहे ते उरलेल्यांविषयी, आणि त्यातही डोळ्याच्या पडद्याविषयी. मोतीबिंदू काढून भिंग बसवता येते. पडद्याचा मेलेला भाग बदलून मिळत नाही.

पडद्याचे आजार आपल्यात किती? आपल्या मातीच्या जवळचा अभ्यास नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी केला. २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ गावांतली, तीस वर्षांवरची ४,७११ माणसे त्यांनी तपासली. मधुमेहाने पडदा बिघडलेले लोक त्यांत शंभरी एकसुद्धा भरले नाहीत. पडद्याची शीर तुंबलेलेही तेवढेच तुरळक.

हा आकडा ऐकून सुस्कारा टाकावासा वाटतो. मी टाकत नाही. त्या गणतीत तिशी-चाळिशीतली धडधाकट माणसेही आहेत, त्यामुळे म्हाताऱ्यांचे प्रमाण त्यांत विरघळून जाते. शिवाय तेव्हा त्या गावांत साखरेचा आजारच कमी होता. आज यवतमाळ, पुसद, वणीच्या औषध दुकानांत साखरेच्या गोळ्या कशा खपतात, हे दुकानदारालाच विचारा.

राष्ट्रीय सर्वेक्षणाच्याच काळात देशातल्या २१ जिल्ह्यांत मधुमेह्यांचे पडदे तपासले गेले. पन्नाशीपुढच्यांत ११.८ टक्क्यांना मधुमेह निघाला, त्यांतल्या १६.९ टक्क्यांच्या पडद्यावर त्याच्या खुणा होत्या आणि ३.६ टक्क्यांची नजरच धोक्यात होती. आता आपला हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. पन्नाशीपुढचे पाच लाख धरले आणि देशाचे प्रमाण इथे लावले, तर बिघडलेले पडदे दहा हजारांच्या घरात जातात; नजर जाण्याच्या वाटेवर असलेले दोन हजार. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. खेड्यांत प्रमाण कमी असेल म्हणून निम्मे धरा. तरी हजार माणसे उरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्या डोळ्याला काही झाले आहे याचा पत्ताच नसतो.

पत्ता का नसतो? साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात आणि ठिबकची जुनी नळी जागोजागी पाझरावी तशा पाझरू लागतात. पण पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण सुईत दोरा ओवतो, तो शाबूत असेपर्यंत दिसणे ठीक असते. दुखत नाही, लाल होत नाही. लेझर उपचाराचा खरा उपयोग होतो तो याच काळात, आणि नेमक्या याच काळात कोणी दवाखान्यात जात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत तर नाहीच.

वयाने होणारी पडद्याची झीज वेगळी. तिच्यात मधलेच अंधुक होते : समोरच्याचा चेहरा पुसट, कडेचे स्वच्छ. म्हातारा अंगणात नीट फिरतो, म्हणून घरचे म्हणतात, सोंग करतो. भारतात साठीपुढच्यांत या झिजेचा शेवटचा टप्पा शंभरात एखाद्यालाच आढळतो, पण त्या एखाद्याचे वाचणे आणि माणसे ओळखणे संपते. विडी ओढणाऱ्याला धोका जास्त. एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा. गज वाकडे दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. पाझर असलेल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देऊन नजर टिकवता येते, पण ती सुरुवातीला दर महिन्याला घ्यावी लागतात. झरी जामणीच्या पाड्यावरून नागपूरला दर महिन्याला जायचे म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे आणि सोबत्याची बुडालेली रोजी. इंजेक्शन स्वस्त झाले तरी हा खर्च तसाच राहतो. माझ्या मते आपल्याकडे उपचार अर्ध्यात सुटतात ते इथे, आणि दोष मात्र रोग्याच्या अडाणीपणाला दिला जातो.

यावरचा उपाय मला गावाजवळच दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि बीपीच्या गोळ्या घ्यायला माणूस येतो, तिथेच वर्षातून एकदा पडद्याचा फोटो निघावा. असा कॅमेरा प्रशिक्षण दिलेला कर्मचारीही चालवू शकतो. फोटो बघणारा डॉक्टर यवतमाळच्या वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयात बसलेला असला तरी चालते. मग प्रवास फक्त त्यालाच पडेल, ज्याला उपचार लागणार आहे.

आता पुन्हा मोतीबिंदूकडे येतो, कारण तो पडद्याची दुखणी झाकतो. ‘पिकू द्या, मग काढू’ म्हणत वर्षे घालवली की पांढऱ्या भिंगापलीकडचे डॉक्टरलाही दिसत नाही. पुढे शस्त्रक्रिया नीट होते, पण नजर येत नाही, आणि गावभर बोभाटा होतो की शिबिरात डोळा घालवला. डोळा आधीच गेलेला असू शकतो. म्हणून साखर, बीपी असेल तर ते शस्त्रक्रियेआधीच सांगा. नंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल, तेव्हा बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा सोबत एक माणूस न्या आणि परतीची एसटी दुपारनंतरची धरा.