आपलं फळ सोडावं, दुसऱ्याचं द्यावं

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!

मायबाप हो, आज चिंतनाला घेतलेला विषय तुम्हा सर्वांच्या तोंडातला आहे. कर्म करावं, फळाची आशा धरू नये. हे कोणाला ठाऊक नाही? पण एक विचारतो, आपण हे म्हणतो कधी? पीक गेलं म्हणजे म्हणतो. पोरगं नापास झालं म्हणजे म्हणतो. ज्या दिवशी कांद्याला चांगला भाव आला, त्या दिवशी बाजारात उभं राहून हे म्हणणारा कोणी भेटला का? नाही! म्हणजे गीता आपण फक्त तोट्याच्या दिवशी काढतो. (विठ्ठलनामाचा गजर)

गीता झाली कुठं? मठात नाही, कुरुक्षेत्रावर. अर्जुनानं धनुष्य खाली ठेवलं आणि रथात बसून राहिला. आता नीट ऐका हं. काम सोडूनच द्या असं देवाला सांगायचं असतं, तर गीता पहिल्याच अध्यायात संपली असती. अर्जुनानं सोडलंच होतं की! पण भगवंतानं अठरा अध्याय सांगितले, सातशे श्लोकांची गीता झाली, आणि शेवटी अर्जुन कामाला उभा राहिला. मग काय सोडायला सांगितलं? काम नव्हे, कामावरचा ‘माझं’ हा शिक्का.

शास्त्रानं कर्माचे तीन प्रकार सांगितले: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. शेतकऱ्याच्या घरातला दाखला घ्या. कणगीत साठलेलं धान्य ते संचित. त्यातलं काढून आज ताटात वाढलं ते प्रारब्ध, ते खाल्ल्यावाचून सुटका नाही. आणि आज वावरात पेरतो आहोत ते क्रियमाण. तुमच्या-माझ्या हातात काय आहे? पेरणी. पाऊस हातात नाही, भाव हातात नाही. म्हणून जे हातात आहे तिथं जीव ओतावा, जे हातात नाही त्याच्यासाठी जीव जाळू नये.

कोणी म्हणेल, महाराज, फळच नको तर काम नीट कशाला करायचं? अहो, उलटं आहे! दिंडीच्या तळावर आमच्या माउल्या भाकरी थापतात. ही भाकरी कोणाच्या पानात पडणार, त्यांना ठाऊक नसतं. म्हणून कच्ची भाजतात का? ज्याचं अर्धं लक्ष मोबदल्याकडे, त्याचं कामाकडे अर्धंच उरतं. मोबदल्याची टोचणी गेली की सगळं मन कामात उतरतं. निष्काम म्हणजे निष्काळजी नव्हे, बाबांनो.

आता आजच्या कीर्तनातली मुख्य गोष्ट सांगतो, ती गाठीला बांधून न्या. ‘फळाची आशा धरू नको’ हे वाक्य ज्यानं त्यानं स्वतःला सांगायचं आहे. दुसऱ्याला नाही! शेतात मजूर दिवसभर राबला. संध्याकाळी मजुरी मागायला आला आणि मालक म्हणतो, फळाची आशा धरू नये रे! हा गीतेचा उपदेश झाला का? ही लबाडी झाली. घरातली सून सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या मागून जेवते. तिला विश्रांती द्यायची नाही, दोन गोड शब्द द्यायचे नाहीत, आणि म्हणायचं, सेवा निष्काम असावी. अहो, निष्काम तुम्ही व्हा ना! आपल्या फळावरचा हक्क सोडणं हा परमार्थ. दुसऱ्याच्या फळावर हात मारणं ही चोरी. (विठ्ठलनामाचा गजर)

याला प्रमाण कोणाचं? देहूच्या वाण्याचं. आमच्या तुकोबारायांचं.

तुकोबारायांच्या घरी सावकारी होती, महाजनकी होती. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. गुरं गेली, माणसं गेली. महाराजांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. व्यापार बुडाला. पण घरात एक वस्तू शिल्लक होती: कर्जाची खतं. ज्यांनी ज्यांनी पैसा नेला होता त्यांचे कागद. विचार करा मायबाप! स्वतःच्या घरात काही नाही, आणि हातात दुसऱ्यांकडून येणं असलेला पैसा आहे. दिलेल्या पैशाचं फळच होतं ते, अगदी हक्काचं! कोणी नावं ठेवली नसती.

महाराजांनी काय केलं? परंपरा सांगते, सगळी खतं बाहेर काढली आणि त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खतं धाकटे बंधू कान्होबा यांना दिली. उरलेली अर्धी आपल्या वाट्याची, ती इंद्रायणीत बुडवली.

ही गोष्ट आपण ऐकतो आणि इंद्रायणीत बुडालेल्या खतांकडे पाहतो. आज कान्होबांच्या हातातल्या खतांकडे पाहा. महाराजांना वैराग्य आलं होतं ना? मग सगळीच का नाही बुडवली? कारण वैराग्य तुकोबारायांना आलं होतं, कान्होबांचा संसार चालू होता. भावाच्या वाट्याचा त्याग आपण करायचा नसतो. स्वतःचा वाटा पाण्यात सोडला, भावाचा वाटा त्याच्या हातात ठेवला. आणि ज्यांची खतं बुडाली, त्या दुष्काळात पिचलेल्या कुळांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. निष्काम कर्म म्हणतात ते हे! आपण सोडलेलं फळ कोणाच्या तरी पोटाला लागलं पाहिजे.

आणि आपण? आपण देवळाला एक पंखा देतो आणि तिन्ही पात्यांवर वडिलांचं नाव रंगवतो. पण गंमत पाहा. वारा हवा असेल तर पंखा फिरवावा लागतो, आणि पंखा फिरला की नाव दिसत नाही. नाव वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो. काम आणि नाव, दोन्ही एका वेळी दिसत नाहीत, माउली!

दान देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या. पण मनाला एकच प्रश्न विचारा: हे काम मी केलं आणि नाव दुसऱ्याचं झालं, तर उद्या पुन्हा हेच काम मी करीन का? ‘हो’ आलं तर ती सेवा. अडखळलं, तर थांबू नका, काम चालूच ठेवा. करता करताच मन धुतलं जातं.

आता शेवट माउलींच्या पायाशी. शके 1212 मध्ये, प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानोबारायांनी गीतेवरची टीका पूर्ण केली. सुमारे नऊ हजार ओव्या! एवढं काम झाल्यावर देवापुढे पदर पसरला. मागितलं काय? माझं नाव राहू दे, असं नाही. ज्या समाजानं छळलं त्याला शिक्षा कर, असंही नाही. दुष्टांच्या मनातली वाकडी वृत्ती जावी, जीवांनी एकमेकांशी मैत्री करावी, ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, हे मागितलं. कष्ट आपले, आणि फळ सगळ्या जगाला. रोज आपण पसायदान म्हणतो, ते याचसाठी.

तेव्हा मायबाप हो, वारीहून घरी गेल्यावर एवढं करा. कोणाची मजुरी राहिली असेल, उसने राहिले असतील, ते आधी देऊन टाका. आणि कोणावर आपण उपकार केल्याची मनात एखादी वही असेल, तर त्या वहीतलं निदान एक पान तरी इंद्रायणीत सोडा.

बोला, ज्ञानेश्वर माउली, ज्ञानराज माउली तुकाराम!