अर्धशिशीची औषधे आणि घरातील इतर गोळ्या



अर्धशिशी उठली की प्रकाश सोसवत नाही, आवाज सोसवत नाही. अशा वेळी हाताशी असेल ती गोळी घेतली जाते. एक गोळी दवाखान्यातील, दुसरी दुकानातून आणलेली, तिसरी शेजारणीने दिलेली. एकेकटी सोसणारी औषधे एकत्र आल्यावर मात्र अपाय करू शकतात.

सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान आणि एर्गोटामाइन ही औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. म्हणून एर्गोटामाइन आणि ट्रिप्टान यांच्यात किमान 24 तासांचे अंतर हवे. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना, तसेच रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना ही औषधे वर्ज्य आहेत.

एर्गोटामाइन घेणाऱ्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन किंवा नायट्यासाठी दिले जाणारे इट्राकोनाझोल त्यासोबत घेऊ नये. या औषधांमुळे एर्गोटामाइनचा निचरा मंदावतो, ते शरीरात साचते आणि हातापायांचा रक्तपुरवठा खुंटू शकतो. बोटे गार, पांढरी किंवा बधिर पडणे ही त्याची खूण होय.

अर्धशिशी टाळण्यासाठी प्रोप्रानोलॉल चालू असल्यास रिझाट्रिप्टानची मात्रा कमी ठेवावी लागते. मात्र प्रोप्रानोलॉल स्वतःहून एकाएकी बंद करू नये. फ्लुनारिझिनने झोप येते. त्यासोबत मद्य किंवा झोपेची गोळी नको.

डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसत असतील, तर माला-एन सारखी संयुक्त गर्भनिरोधक गोळी पक्षाघाताचा धोका वाढवते. अशा भगिनींनी आशाताई किंवा डॉक्टरांकडून दुसरे साधन विचारून घ्यावे.

अर्धशिशीच्या काही संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. त्यावर सर्दी-तापाची गोळी घेतल्यास मात्रा नकळत दुप्पट होते. म्हणून वेष्टनावरील मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले घटक वाचावेत.

ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा संयुक्त वेदनाशामक महिन्यात 10 किंवा अधिक दिवस घ्यावे लागत असेल, तर औषधच डोकेदुखीचे कारण बनू शकते. गोळी घेतलेल्या दिवशी दिनदर्शिकेवर खूण करावी.

दवाखान्यात जाताना घरातील सर्व औषधांची वेष्टने, काढ्या-चूर्णांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. छातीत दाब जाणवला, बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी पडली, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे.

नवे औषध हाती येताच एकच प्रश्न विचारा: “माझ्या चालू गोळ्यांबरोबर हे चालेल का?”