दिवसातले किती तास?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात एका सभासदाने दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत मधुमेहावर झालं, गुडघेदुखीवर झालं. आजचा विषय थोडा अनोळखी आहे. नावही बोजड आहे : बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, थोडक्यात बीडीडी. साध्या मराठीत सांगायचं तर आपलं नाक, त्वचा, केस, दात, असं काहीतरी कुरूप आहे या विचारात माणूस इतका अडकतो की शिक्षण, नोकरी, नाती सगळं मागे पडतं. आणि ते व्यंग इतरांना दिसत नाही, किंवा दिसलं तरी अगदी किरकोळ असतं. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. हा आजार मला होता आणि त्यातून मी बरा झालो, एवढ्याच अधिकारावर बोलतोय.

पहिली शंका मनात येते ती अशी, की हे सगळं मोबाइल आणि सेल्फीमुळे सुरू झालं असेल. तसं नाही. एन्रिको मॉर्सेली नावाच्या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्ये या आजाराचं वर्णन करून ठेवलंय. तेव्हा कुठला आला सेल्फी! मोबाइलने भर घातली असेल, पण आजार जुना आहे. आज त्याची गणना ओसीडीच्या, म्हणजे वारंवार हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा तपासणं या आजाराच्या कुटुंबात होते. फरक इतकाच, की इथे कुलपाच्या जागी स्वतःचा चेहरा असतो.

दुसरी शंका, हा मुलींचा आजार असेल. तसंही नाही. मुलग्यांमध्येही तो जवळपास तितकाच आढळतो. जिममध्ये तासन्‌तास घालवूनही 'मी काडीपैलवान दिसतो' म्हणून रडकुंडीला येणारा धडधाकट मुलगा, हाही याच आजाराचा एक प्रकार असू शकतो. सुरुवात बहुतेकदा बारा-तेरा ते अठरा या वयात होते. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत साधारण शंभरात दोघांना हा त्रास आढळतो. आपल्या सोसायटीत चारशेच्या आसपास माणसं आहेत. हिशेब तुम्हीच करा.

माझं सुरू झालं चौदाव्या वर्षी, आणि निमित्त होतं नाक. ते डावीकडे वाकडं आहे, आणि लोकांना माझ्याकडे पाहिल्यावर दुसरं काही दिसतच नाही, अशी माझी खात्री होती. 'वाटत होतं' असं म्हणत नाही, खात्रीच होती. जसं हे टेबल समोर आहे, तसं ते नाक वाकडं होतं. सकाळी आरशासमोर पाऊण तास, कॉलेजात बाथरूमच्या फेऱ्या, स्टीलच्या ताटात, स्कूटरच्या आरशात, दुकानाच्या काचेत, जिथे प्रतिबिंब तिथे तपासणी. आपल्या लिफ्टमध्ये आरसा आहे, म्हणून मी पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने जायचो. इथले दोन-तीन काका माझं उदाहरण द्यायचे, "बघा, लिफ्ट असून जिने चढतो, याला म्हणतात व्यायाम!" लोकलमध्ये जागा असली तरी दारात उभा, तोंड बाहेर. कुणाच्या लग्नात फोटोची वेळ आली की मी हात धुवायला गेलेला असायचो.

आणि घरी आई. "आई, नाक वाकडं दिसतं का गं?" हा प्रश्न दिवसातून वीस वेळा. ती बिचारी वीस वेळा म्हणायची, "अरे नाही रे बाळा, छान आहे." तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि दहा मिनिटांनी वाटायचं, ही आई आहे, ही असंच म्हणणार.

तेविसाव्या वर्षी पगारातून पैसे साठवून मी प्लॅस्टिक सर्जनकडे गेलो. त्यांनी नाक नीट तपासलं आणि मग विचारलं, "या नाकाचा विचार करण्यात तुमचे दिवसातले किती तास जातात?" मी मनाशी मोजलं आणि म्हटलं, "सहा-सात." ते म्हणाले, "नाकावर शस्त्रक्रिया करून हे सहा तास कमी होणार नाहीत. नाक नाही तर हनुवटी सुरू होईल." आणि चिठ्ठीवर मनोविकारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. मला भयंकर राग आला. पण तो 'किती तास' काही डोक्यातून जाईना. नाक वाकडं की सरळ यावर वाद घालता येतो, तासांवर घालता येत नाही. पंधरा दिवसांनी मी ती चिठ्ठी घेऊन गेलो. पुढे वाचनात आलं, की या आजारात शस्त्रक्रियेने बहुतेकांचं समाधान होतच नाही.

उपचार दोन होते. एक, गोळ्या. या झोपेच्या गोळ्या नव्हेत. ओसीडीसाठी देतात त्याच जातीच्या, पूर्ण गुण यायला तीन-चार महिने लागतात, आणि आपल्या मनाने सुरू किंवा बंद करायच्या नसतात. दुसरा उपचार, सीबीटी नावाची मानसोपचार पद्धत. दर आठवड्याला एक सिटिंग आणि घरी गृहपाठ.

गृहपाठ मजेशीर वाटेल, पण घाम फोडणारा होता. आरशापासून हातभर अंतरावर उभं राहायचं आणि डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचा पंचनामा करायचा. कपाळ रुंद, भुवया दाट, नाक मध्यम, गालावर तीळ, शर्ट निळा. चांगलं-वाईट काही म्हणायचं नाही. या आजारात नजर एकाच ठिपक्यावर खिळते आणि अख्खा चेहरा दिसेनासा होतो. ती नजर परत मोकळी करायची असते. मग लिफ्टने जायचं. मग लोकलमध्ये समोरासमोरच्या सीटवर बसायचं आणि किती जण नाकाकडे बघतात ते मोजायचं. माझा अंदाज होता, आठापैकी सहा. प्रत्यक्षात सात जण मोबाइलमध्ये होते आणि एक झोपला होता.

आईलाही गृहपाठ होता. मी तो प्रश्न विचारला की तिने उत्तर द्यायचं नाही. "याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. चल, चहा टाकते." तिला फार जड गेलं. मुलाला धीर द्यायचा नाही, हे कुठल्या आईला जमेल? पण त्या धीरावरच आजार पोसला जात होता. दोन-तीन महिन्यांत प्रश्न वीसवरून चारवर आला.

दीड वर्षाने मी बरा झालो असं डॉक्टर म्हणाले. बरा म्हणजे नाक आवडायला लागलं असं नाही. नाक आहे तिथेच आहे, त्यात जाणारे तास परत मिळाले. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन मीटिंगमध्ये दिवसभर स्वतःचा चेहरा समोर आला आणि जुनं दुखणं डोकं वर काढू लागलं. स्क्रीनवर स्वतःची चौकट लपवली आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. चार सिटिंगमध्ये गाडी रुळावर आली.

आता तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. जिन्यात, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवात भेटणाऱ्या मुलांना 'किती जाड झालीस', 'रंग उतरला गं', 'केस गेले की रे' असं म्हणू नका. हा आजार नुसत्या बोलण्याने होत नाही. अनुवंशिकता, मेंदूचं काम, स्वभाव, चिडवणं अशी बरीच कारणं एकत्र येतात. त्यातलं एक आपल्या हातात आहे, म्हणून सांगतो. दुसरं, मूल 'मी घाणेरडा दिसतो' म्हणालं तर 'नखरे नकोत' म्हणू नका आणि दिसण्यावर वादही घालू नका. विचारा, यात दिवसातले किती तास जातात? कुठे जाणं टाळतोस? रोज तासभर किंवा जास्त जात असेल, शाळा-मित्र सुटत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तिसरं, वाट पाहू नका. या आजारात जीव द्यावा असे विचार येण्याचं प्रमाण मोठं आहे. कुणी तसं बोललं तर त्याला एकटं सोडू नका. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर कायमचा लावावा, अशी विनंती करतो.

आणि कुणाला फक्त बोलायचं असेल, तर बी विंग, पाचवा मजला. लिफ्टने या, जिन्याने या, चहा तयार आहे.