सामायिक भिंतीचा प्रश्न



वैशाख लागला की वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांकडे झेप घेतो आणि बोरगाव मेघेच्या लेआउटांमध्ये घरोघरी खिडक्यांना कूलर चढतात. कूलर आला की टाकी आली, टाकी आली की गळती आली, आणि दोन घरांमध्ये चार फुटांची बोळ असली की ते पाणी कोणाच्या बाजूने वाहावे हा प्रश्नही आलाच. पहिल्या दिवशी तो हसतमुखाने विचारला जातो. "काहून जी काकू, तेवढी नळी तिकडून वळवता येईन का?" काकूही "हो, सांगतो नं ह्यांले" म्हणून आत जातात. चौथ्या दिवशी तेच वाक्य जरा उंच आवाजात येते. आठव्या दिवशी कूलर बाजूला राहतो आणि दोन वर्षांपूर्वी छाटलेली आंब्याची फांदी, राहून गेलेले हळदीकुंकवाचे बोलावणे, फाटकासमोर आडवी लावलेली मोटारसायकल असे सारे जुने हिशेब एकेक करून ओसरीवर येतात. पावसाळा लागतो, कूलर उतरतो, भिंत वाळते. अबोला मात्र वाळत नाही.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. ज्यांनी शहराच्या वाढत्या वस्तीत दहा वर्षे काढली आहेत त्या प्रत्येकाला आपल्या गल्लीतील दोन घरे या वर्णनात ओळखू येतील. क्वचित त्यांतील एक घर स्वतःचेही असेल. राष्ट्राच्या, धर्माच्या, संस्कृतीच्या प्रश्नांवर जिथे नित्य चिंतन होते अशा व्यासपीठावरून कूलरच्या नळीविषयी बोलणे काहींना हलके वाटेल. परंतु समाजसंघटनेचा विचार करणाऱ्या माणसाची परीक्षा परिषदेच्या सभागृहात फारशी होत नाही. ती सामायिक भिंतीपाशी होते, आणि तिथे अनुत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

बोरगाव मेघेसारख्या वस्तीत ही परीक्षा अधिक अवघड आहे, याचे कारण वस्तीच्या घडणीत आहे. वर्धा शहराभोवती सिंदी, पिपरी, सावंगी, उमरी, बोरगाव अशी 'मेघे' हे उपपद लावणारी गावे आहेत. शहर वाढले तशी शेते अकृषिक झाली, त्यांवर चुन्याच्या रेघा पडल्या आणि भूखंड विकले गेले. शिक्षक, रेल्वेतील कर्मचारी, बँकेतील बाबू, सेवानिवृत्त पोलीस, खेड्यातील शेती भावाकडे सोपवून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली कुटुंबे अशी नाना ठिकाणची माणसे येथे शेजारी झाली. जनगणनेच्या दप्तरात अशा गावाला 'जनगणना नगर' म्हणतात. लोकसंख्या किमान 5,000, कामकरी पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती व्यवसायांत आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे, अशी त्याची कसोटी आहे. 2011च्या जनगणनेत बोरगाव मेघेची गणना अशीच झाली. म्हणजे राहणी नगराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा.

जुन्या गावात भांडणे नव्हती, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. धुऱ्यावरून डोकी फुटत. पण तिथे दोन्ही पक्षांना ओळखणारा, दोघांच्या आजोबांनाही ओळखणारा, ज्याच्यासमोर आवाज आपोआप खाली येतो असा कोणी तरी असे. महानगरातील सोसायटीत, काही झाले तरी, उपविधी असतात, समिती असते, वार्षिक सभेत का होईना आरडाओरडा करायला एक जागा असते. भूखंडांच्या या वस्तीला यांपैकी काहीच लाभलेले नाही. गावातला म्हातारा मागे राहिला आणि सोसायटीचा सचिव अजून आलेला नाही. मधल्या पोकळीत उरतो तो पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंदीचा कागद. तो कागद मिळाला की मिळवणाऱ्याला वाटते, जिंकलो. प्रत्यक्षात त्या दिवसापासून दोन्ही घरांतील मुलांनी एकमेकांशी खेळणे थांबते.

शेजाऱ्यांच्या तंट्यांचा विचार आपल्या परंपरेत क्षुद्र मानला गेलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, जिथे साम्राज्यांची उलथापालथ आणि कोशाची व्यवस्था सांगितली आहे तिथेच, तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीच्या तंट्यांना स्वतंत्र अध्याय दिला आहे. सांडपाण्याची मोरी किती अंतरावर काढावी याचे माप त्यात आहे, आणि ते मोडणाऱ्यास चोपन्न पणांचा दंड आहे. बाळंतिणीसाठी केलेल्या खड्ड्याला मात्र पहिल्या दहा दिवसांपुरती सूट आहे. केवढा बारकावा हा! नियम करणाऱ्याला ठाऊक होते की ज्या घरात नवा जीव आला आहे त्या घराशी शेजाऱ्याने मापे घेऊन भांडू नये. आणखी दोन गोष्टी त्या अध्यायात लक्षात घेण्यासारख्या आहेत. घरमालकांनी एकत्र येऊन, परस्परांना अनिष्ट ते टाळून, आपसांत हवे तसे ठरवून घ्यावे अशी मोकळीक तिथे दिली आहे. आणि वास्तूचे वाद कोणाच्या साक्षीवर निकाली काढायचे, तर शेजाऱ्यांच्या. राजपुरुषाचा क्रम नंतरचा.

इंग्रजी अमदानीत हा विषय कायद्याच्या पुस्तकात गेला. वाट, उजेड, वारा, पाण्याचा निचरा यांविषयीचा सुविधाधिकार कायदा 1882 साली झाला, आणि गंमत अशी की तो मुंबई इलाख्यात 1891मध्ये पोहोचला. वर्धा ज्या मध्य प्रांतात होते तिथे तो प्रारंभापासूनच लागू होता. खिडकीतून येणारा उजेड आणि वारा वीस वर्षे अखंड, शांततेने उपभोगला तर त्यावर हक्क निर्माण होतो, असे तो सांगतो. कायदा म्हणून तो शहाणा आहे. पण तो हाती धरून दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्यास निकाल लागेपर्यंत त्या खिडकीत बसायला वेळ उरेल की नाही, याची हमी कोणताही वकील देत नाही.

महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ती कल्पना. ग्रामसभेने समिती निवडावी, गावातील दिवाणी, महसुली व फौजदारी तंटे सामोपचाराने मिटवावेत, नवे तंटे निर्माण होऊ देऊ नयेत आणि चांगल्या कामाबद्दल गावाला पुरस्कार मिळावा, अशी तिची रचना. कारभार ग्रामपंचायतीचा असल्याने वर्ध्याभोवतीच्या या नागर वस्त्याही तिच्या कक्षेत आल्या. मोहिमेचे मर्म योग्य होते. वैगुण्य एवढेच, की पुरस्कार आला की तंटे 'मिटल्याचे' कागदही येतात, आणि समितीत कोण असावे यावरून काही ठिकाणी नवाच तंटा उभा राहतो. शिवाय शासकीय समिती फार तर दोघांना एका सतरंजीवर बसवू शकते. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी समोरासमोर आल्यावर "काय भाऊ, कसं काय?" असे म्हणण्याची सक्ती कोणत्याही शासन निर्णयाने करता येत नाही.

येथे कार्यकर्त्याने स्वतःकडे वळून पाहणे आवश्यक आहे. संघाच्या कार्यपद्धतीत गटनायक नावाची एक अगदी लहान, बिनमानाची जबाबदारी आहे. आपल्या भागातील मोजक्या घरांत जायचे, स्वयंसेवकाला हाक मारायची, आला नाही तर का आला नाही ते विचारायचे. या हाकेमुळे गटनायकाला घर न् घर ठाऊक होई. कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या घरी वाटणीचा वाद चालू आहे, कोणाची नोकरी गेली आहे, हे त्याला विचारावे लागत नसे. आज अनेक कार्यकर्त्यांचा प्रवास आर्वी, हिंगणघाट, पुलगाव असा जिल्हाभर होतो, त्यांच्या भ्रमणध्वनीत शेकडो क्रमांक असतात, संपर्क अभियानात ते शंभर घरांचे उंबरठे ओलांडतात. आणि डाव्या हाताच्या घरी तीन वर्षांत पाऊल पडलेले नसते. कारण तिथे कूलरच्या नळीचा प्रश्न झालेला असतो. समरसतेवर तासभर ओघवते बोलणारा वक्ता घरी परततो तेव्हा शेजारचा माणूस दिसू नये म्हणून फाटक लवकर लावून घेतो. ही थट्टा नव्हे. शेजारची मुले हे सारे पाहत असतात, आणि विचारसरणी कशी असते याविषयी त्यांचे मत त्या फाटकाच्या आवाजावरून बनते.

उत्सवांच्या बाबतीत तर आत्मपरीक्षण अधिक कठोर हवे. लोकमान्यांनी 1893पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला जे रूप दिले, त्यात माणसे एकत्र यावीत ही दृष्टी होती. आज गल्लीत मंडप पडला की पहिले भांडण वर्गणीचे, दुसरे रस्ता अडवल्याचे आणि तिसरे आवाजाचे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई केली. वर्षातील मोजक्या सणांच्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. "आपल्याच सणांना नियम का?" असा प्रश्न तावातावाने विचारला जातो. नियम सर्वांना सारखेच लागू व्हावेत ही मागणी रास्तच आहे, आणि जिथे ते एका बाजूलाच लागू होतात तिथे ती ठामपणे केलीही पाहिजे. पण ज्या घराच्या खिडकीपाशी ध्वनिक्षेपकांची भिंत रचली आहे त्या घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल, दहावीची मुलगी अभ्यास करीत असेल, तर ते घरही आपल्याच समाजाचे आहे. ते घर आरतीला आले नाही म्हणून नावे ठेवण्याआधी मंडळाच्या अध्यक्षाने एकदा त्या खिडकीत उभे राहून पाहावे.

आणखी एक भांडण असे आहे की ज्याचा आवाजच होत नाही. घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते. उत्तर ऐकून "सध्या द्यायचं नाही" असे सांगितले जाते आणि पुढच्या आठवड्यात ते घर दुसऱ्याला जाते. यात शिवीगाळ नसते, तक्रार नसते, पोलीस नसतात. ज्याला नकार मिळाला तो निमूटपणे पुढचे फाटक वाजवतो. कूलरच्या भांडणात निदान समोरच्याला शेजारी मानलेले असते. येथे त्याला शेजारी होऊच दिले जात नाही. वर्ध्याला तरी हे शोभत नाही. याच शहरात जमनालाल बजाज यांनी 1928 साली आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले आणि त्यासाठी स्वकीयांचा रोष पत्करला. बाळासाहेब देवरसांनी 1974मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेच्या समूळ उच्चाटनाची जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, तिला आता अर्धशतक होऊन गेले. त्या भाषणाच्या पुस्तिका अनेकांच्या कपाटात आहेत. त्याच घरांच्या वरच्या मजल्याचा भाडेकरू कसा निवडला जातो, हेही कोणी तरी पाहायला हवे.

मतभेदांसह शेजार कसा करावा याचा धडा याच शहराने दिलेला आहे. 1934च्या डिसेंबरात वर्ध्यात संघाचे शिबिर भरले होते आणि गांधीजींचा मुक्कामही वर्ध्यातच होता. शिबिर नजरेच्या टप्प्यात, विचारांचे अंतर मोठे. 25 डिसेंबरला गांधीजी ते शिबिर पाहायला गेले. वर्ध्यातील संघकार्याची धुरा वाहणारे अप्पाजी जोशी काँग्रेसमध्येही काम केलेले गृहस्थ होते. दोन्हीकडची दारे त्यांना परिचित होती. दुसऱ्या दिवशी डॉ. हेडगेवार गांधीजींना भेटले. कोणी कोणाचे मत बदलले नाही. परंतु तेरा वर्षांनी, सप्टेंबर 1947मध्ये दिल्लीत स्वयंसेवकांसमोर बोलताना गांधीजींनी त्या भेटीची आठवण काढली आणि तिथे दिसलेली शिस्त, साधेपणा व अस्पृश्यतेचा अभाव यांचा उल्लेख केला. स्वातंत्र्याचा मार्ग, अहिंसा, राष्ट्राची कल्पना एवढ्या थोर प्रश्नांवर मतभिन्नता असताना जे जाणे-येणे होऊ शकले, ते मोटारसायकल कुठे उभी करावी यावरून आज खुंटते.

करायचे काय, असा प्रश्न सभेत नेहमी येतो. मोठी योजना नको. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी मयत झाली तर तिरडीला खांदा द्यायला माणसे आजही जातात. चूल न पेटलेल्या घरी पिठले-भाकरी आजही पोहोचते. एवढे शेजारपण या वस्त्यांत शिल्लक आहे, आणि ते थोडे नाही. खेद एवढाच, की त्यासाठी कोणी तरी मरावे लागते.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडाचे बैल ओढीत मुले दारोदारी जातात आणि प्रत्येक घरून बोजारा घेतात. कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे हे त्यांना ठाऊक असते, पण त्या दिवशी ती दार गाळत नाहीत. कूलर तोवर माळ्यावर गेलेला असतो. भांडलेल्या घराच्या फाटकाशी चिमुकला बैल येऊन थांबतो, आतून कोणी तरी नाणे घेऊन येते, बैलाला टिळा लावते आणि मुलाला विचारते, "काय रे, तुह्या आजीचा गुडघा आता कसा आहे?"

मुलगा घरी जाऊन ते सांगतो.