शाळेतील पंगत आणि अंगास न मानवणारे अन्न



ज्या मुलाच्या अंगास अंडे किंवा भुईमुगाचे दाणे मानवत नाहीत, त्याच्याकरिता ते सर्वांच्याच ताटातून काढावेत काय, असा प्रश्न समाजाच्या वसतिगृहासंबंधी निघाला आहे. अंगावर गांधी उठल्या की आमसुलाचे पाणी चोळावे, एवढ्यावर आपल्याकडे हा विषय संपतो. परंतु काही मुलांचा घसा आवळतो, श्वास कोंडतो, आणि घटकाभरात प्राणावर बेतते. अशा वेळी अॅड्रेनलीनची सुई हाच पहिला उपाय. मूलच्या पलीकडे जंगलातील खेड्यांत राहणाऱ्यांस दवाखान्याचे अंतर आम्ही काय सांगावे!

तरीही सरसकट बंदी आम्हांस पटत नाही. आपल्याकडे धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकतात. त्या डाळीच्या विक्रीवर १९६१ साली बंदी आली, कारण तीच डाळ महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर कोणाचेही पाय लुळे पडू शकतात. तेथे नियम सर्वांस लावण्यात अर्थ होता. अंडे एखाद्यास बाधते आणि बाकीच्यांस पोसते. शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे ठरविले. न खाणाऱ्यास केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबविला. यात ज्याच्या घरी अंडे क्वचितच शिजते त्याचेच नुकसान झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे. बदली केळ्याची ती सोय मात्र उत्तम होती. तीच वाट येथेही चालावी.

आहार वाढण्यापूर्वी शिक्षक चव घेतात, तेवढ्यावर विसंबू नये. गुरुजींच्या जिभेस खारट-अळणी कळते, अमुक मुलास बाधेल की नाही हे कळत नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंस त्या मुलाचे नाव ठाऊक हवे. भांडे, तेल व पळी निराळी हवी. आणि ज्यास बाधा जडली आहे त्यास ‘थोडेसे खाऊन सवय होते’ म्हणून कोणी आग्रह करू नये.

वेगळी पंगत म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. म्हणून त्याचे अन्न वेगळे शिजावे, परंतु ताट इतरांच्या ओळीतच मांडावे.

वसतिगृहाच्या प्रवेशपत्रिकेत यासाठी एक रकाना वाढवावा, अशी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे. तो आईस विचारून भरावा. वडिलांस पुष्कळदा ठाऊक नसते.